हळू जेवणारा मासा

बाबा,

तक्रार मिठाची आहे. तुमच्या आरामखुर्चीच्या डाव्या हातावर दर आठवड्याला मिठाचा एक पांढरा पापुद्रा चढतो. ओल्या फडक्यानं पुसला की जातो, आणि चार दिवसांत पुन्हा हजर होतो. घरातले सगळे याचा दोष मला देतात. मी तो तुम्हाला देतो. तुम्ही उभं आयुष्य कोराडीच्या वीजकेंद्रात पाण्यातून मीठ काढण्यात घालवलंत. बॉयलरला चालेल असं पाणी करायचं, ज्यात क्षार नाही, चव नाही, काहीच नाही, हे तुमचं काम. आणि तुमचा एकुलता मुलगा आता दर रविवारी सकाळी तसलंच निःसत्त्व पाणी बादल्यांनी भरतो आणि त्यात मापानं मीठ कालवतो. तुम्ही काढलेलं सगळं मीठ कुठंतरी साठून राहिलं होतं आणि आता वारसाहक्कानं माझ्याकडे येऊन राहिलंय, असं मला कधीकधी वाटतं. मृत्युपत्रात याचा उल्लेख नव्हता. याबद्दल मी तीव्र नापसंती नोंदवतो.

खुर्ची आईबरोबर कोराडीहून इथं आली, जशीच्या तशी आहे, एवढं आधी सांगतो. फक्त तिच्या डाव्या बाजूला, जिथं कोराडीला तुम्ही कॅलेंडर टांगायचात, तिथं आता चार फूट लांबीची काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्र आहे. म्हणजे मी कालवलेलं खारं पाणी, जिवंत म्हणून विकत मिळणारे खडक, आणि पाच-सहा मासे. नागपुरात बसून समुद्र पाळायची कल्पना कुणाची, असं विचाराल तर माझीच. इतकी वर्षं कॉलेजात संस्कृतच्या तासाला पोरांकडून समुद्राची नावं घोकून घेतली, रत्नाकर, मकरालय, सरित्पती, आणि स्वतः समुद्र पाहिला तो एकदाच, लग्नानंतर, तोही पाठमोरा. फोटोत ऊन नीट यावं म्हणून तुमच्या सुनेला समुद्राकडे तोंड करून उभं केलं होतं, आणि मी तिचा फोटो काढत होतो. तेव्हा आता त्याची भरपाई चालू आहे. उन्हाळ्यात इथं नळालाच गरम पाणी येतं आणि या माशांना ते सोसत नाही, म्हणून टाकीला पाणी गार ठेवणारं यंत्र बसवलं. ते पहिल्यांदा घरघरायला लागलं तेव्हा आई तुमच्या खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "वा गा. माशाले एसी, अन् मायले कूलर." मी म्हटलं, तुझ्या खोलीतही एसी लावू. "मले नको. माझे गुडघे धरतात त्यानं. मी आपली सांगून राहिली."

हे असं तुम्हाला हसवायच्या मिषानं लिहीत बसलो आहे, कारण खरं जे लिहायचं आहे त्याला हात होत नाही. आई वाळत चालली आहे, बाबा. आजारी नाही. फिरते, बोलते, टोमणे मारते, ते तर वर दिलेच आहेत. पण बांगड्या मनगटावरून निघाल्या की थेट कोपराशी जाऊन थांबतात, आणि ती तुमच्या खुर्चीत बसली की खुर्चीच मोठी झाल्यासारखी दिसते. हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना मला दिसलं नाही. दिसलं ते एका माशावरून. तुमची सून म्हणते, हे वाक्य बाहेर कुणापुढे बोलू नका. म्हणून तुमच्यापुढे बोलतो.

या माशाला मँडरिन म्हणतात. माझ्या अंगठ्याएवढा. मोरचुदासारखा निळा, आणि त्या निळ्यावर कुणी कापडातून जिलबी पाडावी तशी केशरी वळणं. अंगावर खवले नाहीत, नुसता बुळबुळीत लेप. पोहतही नाही धड. खडकावर पुढचे पंख टेकत, थांबत, उड्या घेत सरकतो, जशी एखादी बाई नऊवारी सांभाळत ओल्या अंगणातून जाईल. आईनं पाहिल्याबरोबर त्याचं नाव नवरी ठेवलं. नर की मादी हे पाठीवरच्या काट्याच्या लांबीवरून कळतं म्हणे, आणि आईचा अंदाज बरोबर निघाला. दुकानात मी विचारलं होतं, याला खायला काय लागतं? दुकानदार म्हणाला, "सर, याची चिंताच नका करू. हा दिवसभर खाऊनच राहते. पाहा ना." आणि खरोखरच तो मासा खडकावर टुकटुक चोच मारत होता. एक क्षण स्वस्थ नाही. मला वाटलं, वा, हा तर जन्मजात स्वावलंबी. मी त्याला घरी आणला. दुकानदार खोटं बोलला नव्हता. दिवसभर चोच मारणाऱ्याला दिवसभर काही मिळतच असेल, हे माझं मी जोडून घेतलं होतं.

हा मासा खडकांवर रांगणारे अगदी बारीक जीव टिपून खातो. राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक. समुद्रात ते कधी संपत नाहीत. चार फुटांच्या समुद्रात संपतात. माझ्या टाकीत एक सहा रेघांचा चपळ मासा आधीपासून होता, तोही हेच खायचा, आणि नवरीच्या दसपट वेगानं. थोड्या दिवसांत खडक स्वच्छ झाले आणि नवरी स्वच्छ खडकांवर चोच मारत राहिली. तितक्याच मन लावून, तितक्याच ठेक्यात. मी खुर्चीत बसून तिच्या उद्योगीपणाचं कौतुक करत होतो. मग एक दिवस मला तुमचं भिंग आठवलं. एम.ए.ला असताना माझा कोश इतक्या बारीक अक्षरांचा होता की तुम्ही पगाराच्या दिवशी एक जाड काचेचं भिंग आणून माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "डोळे फोडू नको." तेवढंच. ते भिंग मी टाकीच्या काचेला लावलं. पोट आत ओढलं गेलं होतं. डोक्याच्या मागं, जिथं मांस हवं, तिथं दोन्ही बाजूंना खळगे, आणि मधून कणा वर आलेला. वरून केशरी जिलब्या जशाच्या तशा. रंगावर काहीच दिसत नव्हतं.

आईचंही तसंच झालं, हे आता लिहिताना सरळ दिसतं. तुम्ही गेल्यावर आम्ही तिला कोराडीहून इथं आणलं. तुमच्या सुनेची बँक, माझं सकाळचं कॉलेज. आमच्याकडे टेबलावर जेवण होतं आणि ते लवकर होतं. आई आमच्याबरोबर बसते. आता तिला कुणाला वाढायचं नसतं, आम्हीच तिला वाढतो, याचा मला कोण अभिमान होता. आम्ही हात धुवायला उठलो की ती म्हणते, "झालं माझं," आणि उठते. "आईंचं जेवण किती आटोपशीर असतं नाही?" असं सूनबाई कौतुकानं म्हणायची. मीही माना डोलवायचो. पोलका सैल झाला तेव्हा तिनं तो स्वतःच टाचून घेतला. मग एकदा मोलकरणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आजीले काही मोठं दुखणं आहे का भाऊ?" तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. साखर पाहिली, थायरॉइड पाहिलं, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "वयोमानानुसार आहे." एवढा सुंदर समास ऐकल्यावर मी काय बोलणार? मी घरी येऊन तो शब्द सगळ्यांना सांगितला आणि निश्चिंत झालो.

माशाच्या बाबतीत मात्र मी निश्चिंत झालो नाही. याची लाज वाटते, पण तसं झालं. वाचलं, माहीतगारांना फोन केले. त्या सहा रेघांच्या माशाला पकडून दुकानात परत पोचवलं, त्यात अर्धा रविवार आणि एक खडक गेला. खिडकीत बाटल्यांमधून हिरवं पाणी तयार करायला लागलो. त्या हिरव्यावर ते बारीक जीव वाढतात. संध्याकाळी टाकीचा दिवा मालवला की त्यांतले थोडे खडकांवर सोडायचे, म्हणजे इतर मासे झोपेला लागलेले असतात आणि जिवांना लपायला, वाढायला फुरसत मिळते. "हे काय, शेवाळाचं सरबत?" आईनं विचारलं. फ्रीजमध्ये मटारच्या पिशवीशेजारी बारीक कोळंबीचं पाकीट आलं तेव्हा मात्र तिनं दोन दिवस फ्रीज उघडला नाही. सून काढून देई ते घेई. तिसऱ्या दिवशी मी ते पाकीट वेगळ्या डब्यात घातलं, डब्यावर झाकण, झाकणावर रबर. आई म्हणाली, "राहू दे. त्या नवरीच्या पोटात गेलं पाहिजे कसंबी."

पण जात नव्हतं. टाकीत दोन केशरी-पांढरे मासे आहेत, गुबगुबीत, निर्लज्ज. मी कोळंबीचे कण सोडले की ते दोघं धाडकन वर. नवरी खाली. एखादा कण तरंगत तिच्यापुढं येऊन पडे. ती थांबे. मान तिरकी करून त्याच्याकडे एका डोळ्यानं पाही, मग थोडी पुढं सरकून दुसऱ्या डोळ्यानं. हे खाण्याजोगं आहे का, हे ती इतक्या सावकाश ठरवे की मला परीक्षेतले पेपर तपासणारा मीच आठवे. आणि तिचं ठरेपर्यंत त्या दोघांपैकी एकानं येऊन तो कण उचललेला असे. नवरी तिथंच क्षणभर राही. मग वळून पुन्हा आपल्या रिकाम्या खडकावर टुकटुक.

एका दुपारी मी नळीनं तसेच कण सोडत होतो आणि आई खुर्चीत बसून पाहत होती.

"तू तिले वाढते, अन् खाऊन राहिले हे दोघं."

"मग काय करू? ती घाईच करत नाही."

"ते काहून करेल घाई? ते पाह्यते, मंग खाते. तिचं पाहणं तर होऊ दे."

"अगं, तोपर्यंत हे दोघं थांबतात का?"

"नाही थांबत. तेच तर." आईनं नवरीकडे बोट केलं. मग म्हणाली, "पाह्य, मागून नाही राहिली ते. मुकाट्यानं फिरून जाते." आणि मग, टाकीकडेच बघत, "तुझे बाबा असते तर ताटावर बसून राहिले असते."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? ते कधी माझ्याआधी उठले?"

एवढंच बोलून ती कूलरचं पाणी बघायला उठली. मी नळी हातात धरून उभा राहिलो आणि नळीतली कोळंबी ठिबकत ठिबकत गालिच्यावर पडली.

कोराडीच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवा. तुम्ही भिंतीला टेकून, मी समोर, आणि आई चुलीकडे, म्हणजे गॅसकडे, पण आपण चूलच म्हणायचो. आधी तुम्हाला, मग मला, मग तवा उतरवून तिचं ताट. ती बसायची तेव्हा माझं निम्मं झालेलं असायचं. आणि घरचा नियम असा की पंगत एकदम उठते. एक उठला आणि दुसरा जेवत राहिला, हे वाईट. आणि आपल्यापायी दुसऱ्यांना हात वाळवत बसवणं, हे त्याहून वाईट. हा नियम आईच्या माहेरचा होता आणि ती तो धर्मासारखा पाळायची. तेव्हा मी जेवलो, तुम्ही जेवलात, तर तिच्या ताटात भाकरी असो नाहीतर भात, तिचं "झालं माझं" ठरलेलं. कोणी आग्रह केला तर आणखी लवकर. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की माझ्या बापाचं जेवण संपत नाही.

तुम्ही भाकरीचा चतकोर शेवटी ठेवायचात. त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा मोडायचा, लोणच्याच्या खाराला लावायचा, तोंडात टाकायचा आणि खिडकीबाहेर चिमणीचा धूर बघत बसायचं. मग पुढचा तुकडा. मधेच आईला, "थोडा भात टाक बरं अजून," आणि तो भात चार घास असूनही त्याला ताक, त्याला मीठ, पुन्हा ताक. मी संस्कृतात नुकता शेफारलेला होतो. मी तुमचं नाव मंदाशन, म्हणजे हळू खाणारा, असं ठेवलं, आणि हाक मारून दाखवायचो. तुम्ही म्हणायचात, "बरं." एकदा मला शहरात जायची बस गाठायची होती. माझं ताट स्वच्छ झालं होतं आणि मी उठलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "बस खाली."

"बाबा, बस जाईल."

"दुसरी येईल. कुठं आग लागली? बस."

मी बसलो. उजवा हात वाळून कडक झाला, डाळीचा पापुद्रा बोटांवर तडकला. तुम्ही तुमचा तो चतकोर मोडत राहिलात. मला वाटलं, हा धाक आहे. मला शिस्त लावायला मुद्दाम हळू चाललंय. रागानं मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही कुणाकडे बघत होतात, हे बघायचं मला सुचलं नाही. मग आईनं ताटावर पाणी घेतलं आणि तुम्ही लगेच, अगदी त्याच क्षणी, उरलेला तुकडा तोंडात टाकून उठलात. तोंडात घास असतानाच उठलात. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी बस चुकल्याचं दुःख करत गेलो.

एकदा तुम्ही मला तुमच्या प्लान्टवर नेलं होतं. ते उंच उंच लोखंडी ढोल, आत खसखशीसारखे पिवळट मणी, त्यांतून पाणी जातं आणि क्षार मण्यांना धरून राहतात. मी विचारलं होतं, हे एवढं हळू का सोडता, झपाट्यानं सोडलं तर दिवसाला दुप्पट पाणी होईल. तुम्ही एक कॉक थोडा जास्त उघडून पाण्यातला क्षार मोजणारा काटा दाखवलात. काटा वर चढला. "घाई केली तर तसंच निघून जाते पाणी. मण्याले वेळ भेटत नाही," म्हणालात आणि कॉक पुन्हा पहिल्यासारखा केलात. माणसाला कळावं म्हणून एखादी गोष्ट दोनदा सांगायची तुम्हाला सवय नव्हती. मला कळायला ती सतरा वेळा सांगावी लागते. आपला मेळ कसा बसला कोण जाणे.

नवरीचा उपाय निघाला, तो साधा होता. लोणच्याची एक रुंद पोटाची, अरुंद तोंडाची काचेची बरणी टाकीच्या तळाशी आडवी ठेवली. जेवणाच्या वेळी पाणी फिरवणारे पंप बंद करायचे, म्हणजे कण वाहून जात नाहीत. मग लांब नळीनं कोळंबीचे कण आणि अंड्यांतून नुकती काढलेली जिवंत पिल्लं बरणीच्या आत सोडायची. ते दोघं गुबगुबीत बाहेरून काचेवर टकरा मारतात. आत अन्न दिसतं, दार सापडत नाही. नवरी तळाशी सरकत सरकत येते, तोंडाशी थांबते, एका डोळ्यानं पाहते, दुसऱ्या डोळ्यानं पाहते आणि आत जाते. आत कुणी नसतं. तिथं तिला हवा तेवढा वेळ. पहिल्यांदा ती आत गेली आणि तिनं एक कण टिपला तेव्हा आईनं टाळी वाजवली. खरंच वाजवली. दिवसातून एकदा पोटभर घालून भागत नाही. तिचं आतडं आखूड, म्हणून थोडं थोडं, पुष्कळदा घालावं लागतं. सकाळी मी, दुपारी आई. नळी आता आईच्या हातात चांगली बसली आहे. कोळंबी तीच वितळवते, नाकाला पदर लावून.

मग मला वाटलं, माशाला जे जमलं ते माणसाला का जमू नये? आईला सुचवून पाहिलं, तू आमच्याआधी निवांत जेवून घेत जा. "मी काय आजारी हाय का, येगळं वाढाले?" सूनबाईनं डब्यात राजगिऱ्याचे लाडू करून ठेवले, मधेमधे खा म्हणून. डबा रिकामा होत गेला, आम्ही खूश झालो. मग खालच्या वॉचमननं लाडू चांगले झाल्याचं सांगितलं. तेव्हा शेवटी मी तुमचा मार्ग धरला. पानावर बसून राहायचं. बाबा, तो किती अवघड आहे याची मला कल्पना नव्हती. आयुष्यभर भराभर गिळणाऱ्या माणसाला पोळीचा शेवटचा चतकोर पंधरा मिनिटं पुरवणं म्हणजे तप आहे. मी तुकडा मोडतो आणि विसरून खाऊन टाकतो. मग दुसरी पोळी घेतो. परवा वजनकाट्यावर उभा राहिलो. या घरात कुणाचं तरी वजन वाढतंय, पण ते चुकीच्या माणसाचं. सूनबाईलाही सांगितलं, तीही बिचारी बँकेत उशिरा जाते आहे. "आपण जेवत नाही हो," ती म्हणाली, "आपण गाडी पकडतो. मला आधी कधी लक्षातच आलं नाही." आम्ही दोघं टेबलावर बसून राहतो, ताकात बोट बुडवत, हवापाण्याच्या गप्पा करत, डोळ्याच्या कोपऱ्यातून आईच्या ताटाकडे बघत. तुम्ही हे इतकं सहज कसं करायचात? तुम्ही तर बोलतही नव्हतात.

काल रात्री मी असाच भात चिवडत होतो. आई म्हणाली, "काहून गा, पोट बिघडलं का तुझं? जेवण सरत नाही आजकाल."

"नाही गं. हळू जेवावं म्हणतात. प्रकृतीला चांगलं."

"हं." तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं, मग तुमच्या सुनेच्या. आम्ही दोघांनीही घाईनं एकेक घास घेतला. तिच्या ताटात पाऊण पोळी होती, भाजीला हात लागलेला नव्हता, आणि तिचे हात मांडीवर होते. बोटं कोरडी. "जेवा तुम्ही सावकाश," ती म्हणाली. "मी तर केव्हाची झाली."

मी अजून बसलो होतो, बाबा. पंगत उठली नव्हती. वेळ होता, अन्न होतं, कुणी तिच्यापुढचं उचलून नेत नव्हतं.

नवरीच्या पोटाला आता थोडी गोलाई आली आहे. डोक्यामागचे खळगे मात्र तसेच आहेत. ज्यांनी हे मासे वर्षानुवर्षं पाळले ते सांगतात की एका हद्दीपलीकडे वाळलेला मासा पुढं नीट खायला लागला तरी कधीकधी सावरत नाही. ती हद्द कुठली हे बाहेरून ओळखता येत नाही. मी रोज सकाळी भिंग लावून बघतो. आई विचारते, "भरली का गा?" मी म्हणतो, "भरून राहिली."

हे पत्र कुठंच जाणार नाही, हे उघड आहे. एकदा मनात आलं, आईला वाचून दाखवावं. तुमचा चतकोर ऐकून ती हसेल, मंदाशन ऐकून मला रागावेल. पण वाचता वाचता मी कालच्या ताटापाशी येणार आणि तिथं मला थांबून तिच्याकडे बघावं लागणार. ती हळू जेवते म्हणून उपाशी राहत असेल, तर त्याला उपाय आहे. मी जन्मभर टेबलावर बसून राहीन. पण मला आता वाटायला लागलंय की तुम्ही गेल्यापासून तिला भूकच लागत नाही. हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला मी भितो.